मुंबईहून न्यूयॉर्कला

डिसेंबर महिन्यातील एखाद्या सोमवारी मध्यरात्र उलटून एक वाजता मुंबईच्या विमानतळावरून एक विमान न्यूयॉर्कला जाण्यास निघाले, असे समजा. प्रवाशाच्या तिकिटावर पोचण्याची वेळ छापलेली असते : सोमवार, सकाळचे साडेसहा. एखाद्या चौकस मुलाने ते तिकीट हाती घेतले, तर तो बोटांवर मोजून म्हणेल, "एक ते साडेसहा म्हणजे साडेपाच तास. अमेरिका तर फार जवळ दिसते!" पुढे तोच प्रवासी शुक्रवारी सकाळी अकरा वाजता न्यूयॉर्कहून परत निघतो आणि मुंबईस उतरतो तो शनिवारी दुपारी बारा वाजता. आता हिशेब होतो पंचवीस तासांचा. जाण्यास साडेपाच तास आणि येण्यास पंचवीस! वाट तीच, विमान तेच. मग हे गौडबंगाल काय?

दोन्ही तिकिटे खरी आहेत. छपाईची चूक कोठेही नाही. फक्त निघण्याची वेळ एका शहराच्या घड्याळाने सांगितली आहे आणि पोचण्याची दुसऱ्या शहराच्या. दोन निराळ्या मापांनी मोजलेल्या वस्तूंची वजाबाकी केली, तर उत्तर चुकणारच.

पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत एक फेरी करते, म्हणजे ३६० अंश फिरते. अर्थात दर तासाला १५ अंश. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरविलेली आहे. न्यूयॉर्कची वेळ ७५ अंश पश्चिम रेखावृत्तावरून ठरते. या दोन रेखावृत्तांमध्ये १५७½ अंशांचे अंतर आहे. त्याला १५ ने भागले की साडेदहा येतात. म्हणून मुंबईत सायंकाळचे पाच वाजलेले असतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशीच्या सकाळचे साडेसहा झालेले असतात. उन्हाळ्यात अमेरिकेतील लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात. मार्चपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा राहतो. उन्हाळ्यातील तिकीट वाचताना हे विसरून चालत नाही.

घड्याळांच्या या भानगडीचे नवल वाटण्याचे कारण नाही. मुंबई शहराची स्वतःची निराळी वेळ एके काळी होतीच. १९०६ साली भारताची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली 'मुंबई वेळ' सोडली नाही. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे असे. शहरातील काही घड्याळे एक वेळ दाखवीत आणि आगगाडी दुसऱ्या वेळेने सुटे. हा दुहेरी कारभार १९५५ पर्यंत चालला.

आता आपल्या प्रवाशाचा हिशेब एकाच घड्याळाने करू. सोमवारी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसहा, म्हणजे मुंबईत सायंकाळचे पाच. रात्री एकपासून सायंकाळी पाचपर्यंत सोळा तास झाले. परतताना न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे मुंबईचे रात्रीचे साडेनऊ. तेथून दुसऱ्या दिवशीच्या दुपारी बारापर्यंत साडेचौदा तास. जाण्यास सोळा, येण्यास साडेचौदा, एकूण साडेतीस. गंमत अशी, की त्या मुलाने केलेल्या चुकीच्या हिशेबाची बेरीजही तेवढीच भरते. साडेपाच आणि पंचवीस मिळून साडेतीसच होतात. जाताना घड्याळाने जे साडेदहा तास लपविले, तेच येताना त्याने परत उघड केले.

या सोळा तासांतील आणखी एक चमत्कार सांगण्याजोगा आहे. डिसेंबरात रात्री एक वाजता निघालेला हा प्रवासी सोळा तास प्रवास करतो, पण वाटेत त्याला सूर्याचे दर्शन होत नाही. खिडकीबाहेर पाहावे तेव्हा अंधार. तो न्यूयॉर्कला उतरतो तेव्हाही तेथे सूर्य उगवावयाचा असतो. याचे कारण असे, की विमान पश्चिमेकडे पळत असते आणि उगवता सूर्य मागून त्याचा पाठलाग करीत असतो. विषुववृत्तावर हा पाठलाग विमानास झेपला नसता. तेथे पृथ्वीचा पृष्ठभाग तासाला सुमारे १६७० किलोमीटर वेगाने फिरतो. परंतु ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर तोच वेग निम्मा, म्हणजे सुमारे ८३५ किलोमीटर होतो. तासाला ९०० किलोमीटर जाणाऱ्या विमानाला तेथे सूर्य गाठू शकत नाही.

पण ६० अंश उत्तर अक्षवृत्त मध्येच कोठून आले? मुंबई १९ अंशांवर आहे आणि न्यूयॉर्क ४१ अंशांच्या जवळपास. एवढ्या उत्तरेस जाण्याचे विमानाला कारण काय?

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा पाहा. त्यावर पट्टी ठेवून मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सरळ रेघ काढली, तर ती ओमानवरून, अरबस्तानातील मदिनेच्या आसमंतातून, मिसर देशातील लक्सरवरून, सहाराच्या वाळवंटावरून मोरोक्कोपर्यंत जाते आणि तेथून अटलांटिक महासागर ओलांडते. नकाशावर यापेक्षा सरळ वाट दुसरी दिसत नाही. ही वाट सुमारे १४,२०० किलोमीटर लांबीची आहे.

आता भिंतीवरचा नकाशा सोडून शाळेतील पृथ्वीगोल घ्या. एक दोरा मुंबईवर धरा, दुसरे टोक न्यूयॉर्कवर ठेवा आणि दोरा ताणा. तो सहाराकडे वळतच नाही! सरकत सरकत तो उत्तरेकडे जातो आणि युरोपच्या माथ्यावर स्थिर होतो. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरेल आणि ताणलेला दोरा सुमारे साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. त्रैराशिक मांडले की उत्तर येते साडेबारा हजार किलोमीटर. बारकाईने गणित केल्यास १२,५३० च्या आसपास. म्हणजे नकाशावरील 'सरळ' वाटेपेक्षा दोऱ्याची 'वाकडी' वाट सुमारे सतराशे किलोमीटरांनी कमी आहे. विमानाला सतराशे किलोमीटर म्हणजे जवळजवळ दोन तास.

गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट एका मोठ्या वर्तुळाचा भाग असते. या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रापाशीच असते. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. मुंबईच्या अक्षवृत्तावर एक रेखांश ओलांडण्यास सुमारे १०५ किलोमीटर जावे लागते. ६० अंशांवर तेच काम सुमारे ५६ किलोमीटरांत होते. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे १४७ रेखांश ओलांडावयाचे आहेत. ते जेथे जवळजवळ आले आहेत तेथेच ओलांडणे शहाणपणाचे. आपला भिंतीवरचा नकाशा मात्र ध्रुवांकडील प्रदेश ताणून रुंद करून दाखवितो, म्हणून जवळची वाट त्यावर कमानीसारखी लांब दिसते.

ही वाट कोणकोणत्या देशांवरून जाते ते पाहण्यासारखे आहे. मुंबईहून निघाल्यावर विमानाचे तोंड पश्चिमेकडे असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात या वाटेचा आरंभ उत्तरेकडे, किंचित पश्चिमेस झुकलेला आहे. सौराष्ट्र आणि कच्छ मागे टाकून ती सिंधवरून अफगाणिस्तानातील कंदाहारजवळ पोचते. पुढे तुर्कमेनिस्तान लागतो. नंतर कॅस्पियन आणि अरल या दोन समुद्रांच्या मधील ओसाड पठार ओलांडून ती रशियात शिरते. मॉस्कोच्या आग्नेयेस रियाझान नावाचे शहर आहे, त्याच्या जवळून आणि पुढे सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेकडून जाऊन ती फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे या देशांवरून समुद्रावर येते. नॉर्वेचे ट्राँडहाइम शहर जवळजवळ या रेषेवरच आहे. मग आइसलंड. येथवर येईतो वाट साडेचौसष्ट अंश उत्तरेपर्यंत चढलेली असते. यानंतर ती उतरू लागते. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकास ओझरता स्पर्श करून ती लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर येते, कॅनडाचा पूर्वभाग ओलांडते आणि ईशान्येकडून न्यूयॉर्कवर उतरते. मुंबईच्या उकाड्यातून निघालेला मनुष्य बर्फाच्छादित ग्रीनलंडजवळून अमेरिकेत जातो, हे भिंतीवरच्या नकाशाने कधीही सांगितले नसते.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोऱ्याने दाखविलेली ही वाट भूमितीची वाट आहे. विमान तिच्या जवळपास राहण्याचा प्रयत्न करते, पण बरोबर तिच्यावरून ते क्वचितच जाते. आकाशाला कुंपण नसले तरी सीमा असतात. प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर अधिकार असतो आणि त्याच्या अनुमतीवाचून परक्या विमानास तेथून जाता येत नाही. दोन देशांत वितुष्ट आले की प्रथम आकाश बंद होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर रशियाचे आकाश अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांस बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेस न थांबता जाणाऱ्या काही भारतीय विमानांना मग एवढा वळसा पडला, की त्यांना वाटेत युरोपात उतरून इंधन घ्यावे लागले. शहरे जागच्या जागी होती. त्यांमधील अंतर मात्र एका रात्रीत वाढले.

हे झाले अंतराचे. वेळेचा प्रश्न याहून निराळा आहे.

बारा हजार पाचशे तीस किलोमीटरांना ताशी ९०० ने भागले तर उत्तर येते चौदा तासांहून थोडे कमी. मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा का लागावेत? जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जेथून ही मोठी विमाने जातात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे प्रचंड झोत असतात. त्यांना झोतवारे म्हणतात. उष्ण कटिबंधातील तापलेली हवा आणि ध्रुवांकडील थंड हवा यांच्या तापमानांतील मोठा फरक आणि पृथ्वीचे फिरणे, या दोहोंमुळे ते निर्माण होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो आणि झोतही बळावतात. त्यांचा वेग कित्येकदा ताशी २०० किलोमीटरांहून अधिक असतो. नदीतील नावेप्रमाणेच विमानाची गत होते. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग हवेतील वेग आहे. खालच्या जमिनीवरून ते किती पुढे सरकते हे वारा ठरवितो. अमेरिकेस जाताना प्रवाहाविरुद्ध, परतताना प्रवाहाबरोबर.

येथे पुष्कळांची एक चुकीची समजूत असते. जाताना वाऱ्याने जे नेले ते येताना परत दिले, तेव्हा फिटंफाट झाली, असे त्यांना वाटते. सोपे आकडे घेऊन पाहू. अंतर १२,६०० किलोमीटर धरा. वारा मुळीच नसता, तर जाण्यास १४ आणि येण्यास १४, असे २८ तास लागले असते. आता ताशी १०० किलोमीटरांचा वारा सर्व वाटभर वाहत आहे असे माना. जाताना वेग ८०० उरेल आणि १५ तास ४५ मिनिटे लागतील. येताना वेग १००० होईल आणि १२ तास ३६ मिनिटे लागतील. बेरीज करा : २८ तास २१ मिनिटे. एकवीस मिनिटे कोठे गेली? विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक वेळ होते आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ. म्हणून हानी मोठी आणि लाभ लहान. जा-ये करणाऱ्या नावेचे हेच गणित तुमच्या अंकगणिताच्या पुस्तकातही असेल.

या वाऱ्यांचा शोध लागण्याची कथा थोडी चटका लावणारी आहे. जपानमधील वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० नंतरच्या काही वर्षांत तातेनो येथील वेधशाळेतून लहान फुगे आकाशात सोडीत आणि दुर्बिणीतून त्यांचा मागोवा घेत. फुगे उंच गेले की एकाएकी पूर्वेकडे वेगाने वाहून जातात, असे त्यांना दिसून आले. त्यांनी आपली निरीक्षणे काळजीपूर्वक लिहून काढली आणि साऱ्या जगाला वाचता यावीत म्हणून ती एस्परांटो या कृत्रिम जागतिक भाषेत १९२६ मध्ये प्रसिद्ध केली. हेतू उदात्त होता. पण एस्परांटो जाणणारे थोडेच होते, म्हणून त्या अहवालाकडे जगाचे लक्ष गेले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेची बाँबफेकी विमाने जपानवर फार उंचीवरून गेली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना या वाऱ्यांचा तडाखा अकस्मात बसला. ओइशींनी अठरा वर्षे आधी जे लिहून ठेवले होते ते त्यांना प्रत्यक्ष भोगून कळले.

वारा जाणला की त्याचा उपयोगही करून घेता येतो. दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरास जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी युरोप आणि अटलांटिक यांवरून पश्चिमेकडे जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रथमच उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, जुनीपेक्षा चौदाशे किलोमीटर लांब होती. तरीही विमान सुमारे दोन तास आधी पोचले, कारण या वेळी वारा पाठीशी होता. यावरून दिसून येईल, की वैमानिकाच्या दृष्टीने जवळची वाट आणि लवकरची वाट या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. उत्तर अटलांटिकवरील काही विमानमार्ग तर दररोजच्या हवामानाचा अंदाज पाहून नव्याने आखले जातात. काल गेलेले विमान ज्या वाटेने गेले, तीच वाट आजच्या विमानाला मिळेल असे नाही.

तास दोन तासांची एवढी काळजी का करावयाची, असे कोणी विचारील. प्रवासी थोडा उशिरा पोचला तर काय बिघडले? बिघडते ते इंधनापाशी. इतक्या दूर जाणारे बोइंग ७७७ जातीचे विमान उड्डाणाच्या वेळी सुमारे साडेतीनशे टन वजनाचे असू शकते. त्याच्या टाक्यांत सुमारे १,८०,००० लिटर इंधन मावते. त्याचेच वजन १४० टनांच्या वर जाते. म्हणजे पूर्ण भरलेल्या विमानाच्या वजनाचा दोनपंचमांश भाग केवळ इंधनाचा! हे विमान तासाला सुमारे सात टन इंधन जाळते. प्रवास एक तासाने वाढला तर सात टन इंधन अधिक न्यावे लागते. सात टन म्हणजे सामानासह सत्तर प्रवाशांचे वजन. शिवाय ते सात टन सोळा तास उचलून नेण्यासाठी पुन्हा आणखी इंधन लागते. बैलगाडीने लांब जाणारा शेतकरी बैलांचा कडबा गाडीतच घालतो. वाट लांबली की कडबा वाढतो आणि तो ओढण्यासाठी बैलांना अधिक श्रम पडतात, तसेच हे आहे. म्हणून विमान निघण्यापूर्वी वाऱ्यांचे तक्ते पाहून किती इंधन घ्यावयाचे हे ठरविले जाते आणि काही वेळा इंधनासाठी सामान, प्रसंगी प्रवासीही मागे ठेवावे लागतात.

इंधन केवळ न्यूयॉर्कपर्यंतचे घेऊन भागत नाही. न्यूयॉर्कवर धुके असेल, बर्फ पडत असेल, तर दुसऱ्या एखाद्या विमानतळावर जाण्यापुरते आणि तेथेही अर्धा तास घिरट्या घालण्यापुरते इंधन शिल्लक असावेच लागते. त्याचप्रमाणे वाटेत एखादे एंजिन बंद पडले किंवा प्रवासी गंभीर आजारी झाला, तर कोठे उतरावयाचे हेही अगोदर ठरलेले असते. उत्तर अटलांटिकच्या भोवताली अशी आसऱ्याची ठिकाणे थोडीच आहेत. आइसलंडमधील केफ्लाविक हे त्यांपैकी एक आणि कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील गँडर हे दुसरे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर दहशतवाद्यांनी हल्ला केला आणि अमेरिकेने आपले सर्व आकाश तत्काळ बंद केले. अटलांटिकवर असलेल्या विमानांपैकी पुष्कळांपाशी परत फिरण्याइतके इंधन नव्हते. त्या दिवशी गँडरच्या विमानतळावर ३८ प्रवासी विमाने उतरली आणि साडेसहा हजारांहून अधिक माणसे त्या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाच्या दारी आली. गावकऱ्यांनी शाळा आणि सभागृहे उघडली, घरातील अंथरुणे-पांघरुणे आणली, स्वयंपाक केला आणि या अनोळखी पाहुण्यांना बरेच दिवस सांभाळले. वैमानिकाच्या कागदावर गँडर हे एक नाव असते. त्या नावामागे काय असू शकते हे त्या आठवड्यात जगाला दिसले.

या वाटेचे आजचे सोळा तास किती थोडे आहेत हे समजण्यासाठी मागे वळून पाहिले पाहिजे. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची एक मराठी मुलगी वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेस निघाली. घरचे माणूस सोबत नव्हते. न्यूयॉर्कच्या बंदरात तिने पाऊल ठेवले ते ४ जून रोजी, म्हणजे ५८ दिवसांनी. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. त्या काळी घरी पाठविलेले पत्रही आगबोटीच्याच गतीने जाई. घरी कोणी आजारी असल्याची बातमी पत्राने कळेपर्यंत ते माणूस बरे झालेले असे किंवा गेलेले असे. आनंदीबाई स्वतः आजारी अवस्थेत परतल्या, त्याही समुद्रमार्गानेच; आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघून कैरो व जिनीव्हा येथे थांबत लंडनला गेले. ते पंख्यांच्या एंजिनांचे विमान होते; एका उड्डाणात फार दूर जाणे त्याला शक्य नव्हते. मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणारी एअर इंडियाची सेवा १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ या जेट विमानाने सुरू झाली. विमाने मोठी झाली, एंजिने कमी इंधनात अधिक काम करू लागली, तसतसे वाटेतील थांबे एकेक करून गळले. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने मुंबई ते न्यूयॉर्क अशी, वाटेत कोठेही न उतरणारी सेवा सुरू केली.

शरीराला मात्र ही गती अजून मानवलेली नाही. आगबोटीचा प्रवासी रोज थोडे थोडे घड्याळ मागे घेत जाई आणि त्याची झोप व भूक बंदरात पोचेपर्यंत नव्या वेळेला सरावलेली असे. विमानाचा प्रवासी न्यूयॉर्कच्या सकाळी साडेसहा वाजता उतरतो, तेव्हा त्याच्या पोटातील घड्याळ सायंकाळचे पाच दाखवीत असते. दुपारी त्याचे डोळे मिटू लागतात आणि उत्तररात्री तो टक्क जागा असतो. हे निवळण्यास काही दिवस जातात. त्या काळात त्याने मुंबईस घरी दूरध्वनी केला, तर आवाज क्षणात पोचतो, पण पलीकडून बोलणारी आई "जेवलास का?" असे विचारते तेव्हा तिच्या घरी रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि त्याच्यापुढे सकाळचा चहा असतो.